पाण्याच्या वरचे कपाट

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या कोल्हापूरच्या नागाळा पार्कातल्या घरात दीड फूट पाणी शिरले, ते चार दिवस राहिले. पुढच्या खोलीत माझे करसल्लागाराचे कार्यालय आहे. पार्टिकल बोर्डाचे भिंतभर कपाट खालून पावासारखे फुगले आणि तळाच्या खणातल्या फायलींचा लगदा झाला. जड वस्तू खाली ठेवाव्यात, म्हणजे कपाट डगमगत नाही, हा नियम मी काटेकोरपणे पाळला होता. बुडाल्या त्या नेमक्या सर्वांत जड आणि महत्त्वाच्या फायली. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, त्यामुळे अशिलांना तोंड दाखवणे कठीण झाले.

नवे कपाट करताना मी आधी मिस्त्रींना बोलावले नाही. पंधरा दिवस केवळ मोजमाप केले. माझी भरलेली बॉक्स फाइल सव्वादोन किलोची आणि तीन इंच रुंद होती. लीगल कागद चौदा इंच लांब असतो, म्हणून सोळा इंच खोली पुरेशी होती. जुने कपाट मात्र चोवीस इंच खोल होते. ही खोली हँगरवरच्या कपड्यांसाठी योग्य असते; फायली तिच्यात दोन रांगांत बसत आणि मागच्या रांगेकडे वर्षानुवर्षे कोणाचे लक्ष जात नसे. जुन्या चार फुटी फळ्यांना मध्यभागी बाक आला होता, त्याचेही कारण तेव्हा कळले. दर फुटावरचे वजन तेच ठेवून फळीची लांबी चार फुटांवरून बत्तीस इंचांवर आणली, तर बाक सुमारे पाचपटीने कमी होतो. शिवाय आठ बाय चार फुटांच्या प्लायमधून, करवतीची जाडी वजा जाता, बत्तीस बाय सोळा इंचांच्या नऊ फळ्या निघतात आणि तुकडा वाया जात नाही. हा हिशेब मिस्त्रींना इतका पटला की पुढची आखणी त्यांनीच केली.

प्लाय आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्रतीचा घेतला. तो महाग पडला, पण त्यात काटकसर करण्याची माझी तयारी नव्हती. सांगाडा शिवाजी उद्यमनगरात चौकोनी पाइपचा करून घेतला. खालचे दोन फूट पूर्ण मोकळे ठेवले. वजन वर गेल्यामुळे सांगाडा भिंतीला अँकर बोल्टने जखडणे अनिवार्य झाले. चालू वर्षाच्या फायली कड्यांच्या पेट्यांत ठेवल्या, म्हणजे दोघांना उचलून माडीवर नेता येतील. घरातल्या कपड्यांच्या कपाटाला चोवीस इंच खोली कायम ठेवून फक्त पाय उंच केले.

जुलै २०२१ मध्ये पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ४३ फुटांची धोक्याची खूण ओलांडणार असे दिसताच पेट्या माडीवर नेल्या. या वेळी घरात सव्वा फूट पाणी आले आणि एकही कागद भिजला नाही. मात्र पाइपची खालची तोंडे उघडी राहिली होती. त्यांत गाळ शिरला आणि महिन्याभरात दोन पायांच्या वेल्डिंगजवळ गंज दिसू लागला. ते दोन पाय कापून नवे जोडले आणि सर्व तोंडांवर पत्रा वेल्ड करून ती बंद केली. भावाच्या दुकानासाठी आता असाच सांगाडा होत आहे. त्याची तोंडे पावडर कोटिंगच्या आधीच बंद करायला सांगितले आहे.