काढलेली प्लीहा कोणाची?

मी हिस्टोपॅथॉलॉजीत टेक्निशियन आहे. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा फॉर्मलीनच्या डबीत आमच्याकडे येतो, त्याचे पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले ठोकळे, होतात, स्लाइड होतात, रिपोर्ट जातो. पेशंट घरी जातो, ब्लॉक कपाटात वर्षानुवर्षं राहतो. दुसरीकडे दाखवायला म्हणून नातेवाईक तो मागतात, आम्ही सही घेऊन देतो. उरलेल्याचं काय करता, असं मात्र कुणी विचारत नाही. म्हणून लॅबमध्ये नवीन मुलं आली की मी त्यांना जॉन मूरची केस सांगतेच.

मूर सिएटलचा. 1976 मध्ये त्याला हेअरी सेल ल्युकेमिया, म्हणजे एक रक्ताचा कॅन्सर, निघाला आणि लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या हॉस्पिटलमध्ये त्याची प्लीहा (पाणथरी) काढली. ती काढणं गरजेचंच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच्या तक्रारीप्रमाणे, तिचे तुकडे संशोधनाला न्यायची तजवीज त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. डेव्हिड गोल्ड यांनी ऑपरेशनच्या आधीच केली होती. पुढे 1983 पर्यंत मूर सिएटलहून तपासणीला येत राहिला. रक्त घेतलं, कातडी घेतली, अस्थिमज्जा घेतली, वीर्यसुद्धा घेतलं. ल्युकेमियाच्या फॉलोअपला वीर्य! आमच्या वॉर्डातल्या मावशींनीही विचारलं असतं, कशाला म्हणून.

मग एक फॉर्म पुढे आला: माझ्या रक्तापासून, अस्थिमज्जेपासून जे काही तयार होईल त्यावरचे हक्क मी विद्यापीठाला देतो / देत नाही. पहिल्यांदा त्याने 'देतो'ला गोल केला. पुढच्या खेपेला तोच फॉर्म आला तेव्हा 'देत नाही'ला. मग तो वकिलाकडे गेला. त्याच्या पेशींपासून केलेल्या 'मो' सेल लाइनचं, म्हणजे लॅबमध्ये वाढतच राहणाऱ्या पेशींचं, पेटंट 1984 मध्ये विद्यापीठाला मिळालं, शोधक म्हणून नाव डॉक्टरांचं.

1990 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की काढलेल्या पेशींवर मूरला मालकी सांगता येणार नाही, संशोधन अडेल. आपला त्यातला स्वार्थ डॉक्टरांनी लपवला, एवढ्यासाठी मात्र त्याला दावा लावता येईल. हा दुसरा भाग मला पटतो. पहिला अजिबात नाही. संशोधन अडण्याची काळजी फक्त पेशंटच्या मालकीपुरतीच का? पेटंटने ते अडत नाही?

आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत, बायोबँकेतल्या, म्हणजे संशोधनासाठी साठवून ठेवलेल्या, नमुन्याचा मालक तो देणारा माणूस, बँक नुसती राखणदार, असं स्वच्छ लिहिलंय. हवं तर नमुना परत मागता येतो. कागद उत्तम आहे. पण सही होते ती अ‍ॅडमिशनच्या काउंटरवर, भूल, रक्त, डिपॉझिट यांच्या कागदांसोबत, आणि बऱ्याचदा जावयाची किंवा भावाची. संशोधनाचा कागद वेगळा ठेवावा आणि ऑपरेशनच्या आदल्या रात्री न देता रिपोर्ट हातात पडल्यावर द्यावा, एवढंच माझं म्हणणं आहे. तेव्हा माणूस जरा भानावर असतो. बहुतेक लोक 'हो'च म्हणतील. मीही म्हटलंच असतं.

माझं फायब्रॉइडचं ऑपरेशन झालं तेव्हा काउंटरवरच्या मुलाला विचारलं, रिसर्चचा फॉर्म वेगळा आहे का? म्हणाला, "मॅडम, सगळं एकातच आहे." मी समासात लिहिलं: संशोधनाला हरकत नाही, विकायचं झाल्यास आधी विचारावे. "असं लिहिता येत नाही," म्हणाला तो, पण कागद घेतला.