फिरत्या प्रयोगशाळेची परीक्षा

बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये एका संस्थेची फिरती प्रयोगशाळा जाते. सहावी ते आठवीची मुलं त्यात स्वतः प्रयोग करतात. याचा उपयोग किती होतो ते तपासायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा पुरावा म्हणून होते फोटो, भेटींचे आकडे आणि हसऱ्या चेहऱ्यावर टिक केलेले फॉर्म. गाडी आली की गणिताचा तास बुडतो. पोरं खूशच असणार!

जूनमध्ये पूर्वचाचणी, मार्चमध्ये उत्तरचाचणी, आणि जिथे गाडी जात नाही अशा शाळांतही तोच पेपर, असं ठरवलं. “ज्यांना काही दिलंच नाही त्यांची परीक्षा कशाला?” हे बरेचदा ऐकावं लागलं. पण तेच धडे वर्गातही होतातच की. तो हिस्सा वजा केल्याशिवाय गाडीच्या पदरात काय पडतं ते कळणार कसं?

लेखी पेपर पुरेना. विद्युत परिपथाची व्याख्या बहुतेकांनी पुस्तकातली जशीच्या तशी उतरवली. म्हणून काही मुलांना एकेकटं बसवून एक सेल, टॉर्चचा बल्ब आणि वायरचे तुकडे दिले. व्याख्या सुरेख लिहिलेल्या सातवीतल्या मुलीने एकच तुकडा उचलला, सेलच्या वरच्या टोकापासून बल्बच्या बुडाला लावला आणि बल्ब लागायची वाट बघत बसली. सेलच्या तळालाही काही जोडायचं असतं हे तिच्या गावीही नव्हतं. मागून सर पुटपुटले, “अगं, खालून, खालून!” तेव्हापासून सरांना चहाला नेणं हे माझ्या सहकाऱ्याचं काम.

खरी मेख मार्चमध्ये निघाली. सरासरी झकास वाढलेली. पण दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली मुलं पटावर होती, वर्गात नव्हती. जूनमध्ये त्यांचेच गुण बहुतेक तळाचे. ती गळली की सरासरी आपोआप चढते, गाडी येवो न येवो. मग दोन्ही चाचण्या दिलेल्या मुलांचेच गुण ताडून पाहिले. वाढ उरली, पण बारीक. बल्ब लावण्यात मात्र गाडीच्या शाळा स्पष्ट पुढे, त्यातही जिथे बाईंनी गाडी गेल्यावर तोच प्रयोग वर्गात पुन्हा घेतला होता तिथे जास्त.

देणगीदारांना एकच आकडा हवा होता. मी लेखी पेपरचा आणि बल्बचा असे दोन्ही दिले, शिवाय मार्चला नसलेली मुलं शाळावार किती तेही. यंदा एक चाचणी सप्टेंबरअखेर, तोडीवर जाण्याआधीच घेतो आहोत. हंगामी वसतिगृहात मागे राहिलेल्या मुलांची नोंदही वेगळी ठेवतोय.