शिकार थांबली, मग तितर का वाढले नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आमच्या घरात एके काळी बंदूक होती आणि मी पक्ष्यांवर अधूनमधून लिहितो, एवढ्या भांडवलावर लोक मला हा प्रश्न विचारत आले आहेत. शिकारीवर बंदी येऊन इतकी वर्षं झाली, गावात आता सहसा कुणी ससा मारत नाही की तितर धरत नाही, मग माळावर ससे-तितर मावेनासे व्हायला हवे होते की नाही? पुष्कळदा विचारणारा उत्तरही खिशात घेऊनच आलेला असतो: "चोरून चालतच असणार हो."

चालते. मोटारसायकलवर दोघं, मागच्याच्या हातात झगझगीत बॅटरी, असे प्रकार आजही होतात. उजेडात ससा थिजतो, त्याला मारायला कसब लागत नाही. पण तेवढ्याने अख्खा माळ रिकामा होत नाही. लहान शिकार, म्हणजे ससे-तितर-लावे मारणं, संपली आणि लहान जनावरही कमी झालं, या दोन्ही गोष्टी आपल्याकडे जवळपास एकाच वेळी घडल्या. म्हणून आपण एकीला दुसरीचं कारण समजतो.

आधी कायद्याचं बघू, कारण त्यातही गैरसमज फार. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली असं सर्रास सांगतात. मूळ कायद्यात तसं नव्हतं. त्यात प्राण्यांच्या याद्या होत्या आणि चौथ्या अनुसूचीचं नावच 'लहान शिकार' असं होतं. ससे, तितर, लावे यांची सोय तिथे होती. त्यांच्यासाठी वेगळा परवाना मिळे. परवानेवाल्याने काय आणि किती मारलं याची नोंद ठेवून ती खात्याकडे द्यायची, असंही कलम होतं. चालत्या गाडीतून किंवा रात्री उजेड मारून शिकार करायला तेव्हाही मनाई होती. ही परवान्यांची वाट बंद झाली ती १९९१च्या दुरुस्तीने, म्हणजे मधली एकोणीस वर्षं कागदोपत्री तरी लहान शिकार कायदेशीर होती. या दुरुस्तीविषयी गावात कुणाला काही कळल्याचं मला आठवत नाही. तोवर शिकारीचं निम्मं वारं तसंही पडलं होतं.

आमच्या काकांची बंदूक ठासणीची. परवाना शेतीच्या राखणीसाठी, पण राखण कमी आणि मिरवणूक जास्त. नळीत आधी काळी दारू, वर चिंधीचा बोळा, मग गजाने ठासायचं, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि शेवटी बार पेटवणारी ठिणगीची टोपी बसवायची. एवढं होईपर्यंत ससा आपली कामं उरकून घरी गेलेला असायचा, असं काकूच म्हणायची. एक बार काढला की धूर निवळेपर्यंत काही दिसत नसे आणि दुसरा बार भरेपर्यंत तितरांचा थवा टेकडीपलीकडे. गावातल्या एका सधन घरी बारा बोअरची दुनळी होती, खडकीच्या कारखान्यातली काडतुसं यायची, तितरासाठी सहा नंबरचे छर्रे. तो खरा थाट. पण ती दुनळीही दसऱ्याला पूजेपुरती निघायची आणि वर्षातून चार-सहा रविवार माळावर जायची. या दोन बंदुकांनी तितरांचा वंश बुडवला असं म्हणणं हा त्या बंदुकांचा फाजील गौरव होईल.

बंदुकी गेल्या कशा, तेही ऐका. निवडणूक आली की परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर सोडवून आणायची. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत. काका हयात होते तोवर हेलपाटे घालत. ते गेल्यावर वारसाने स्वतःच्या नावाने परवाना काढायचा असतो. चुलतभावाने कागदांची यादी पाहिली आणि बंदूक जमाच करून टाकली. घरात कुणी हळहळलं नाही. ज्या पोरांना ती चालवायला शिकवायची ती पुण्यात नोकरीला होती.

आणखी एक कारण आहे, ते कुणी गंभीरपणे घेत नाही. ब्रॉयलर कोंबडी. आमच्याकडे मटण सणावारी, आणि मधल्या काळात रश्शाला जे मिळेल ते, त्यात ससा आणि तितर. तालुक्याच्या बाजारात ब्रॉयलर स्वस्तात मिळायला लागल्यावर दिवसभर काट्याकुट्यात फिरून पाव किलोच्या आसपासचा तितर कोण आणणार? लहान शिकारीची परंपरा कोंबडीने संपवली, असं मी म्हणतो तेव्हा लोक हसतात. मला तरी ते कायद्याच्या कलमापेक्षा पटतं. हल्ली ढाब्यावर 'लावा' म्हणून ताटात येतो, तोसुद्धा फार्मवर वाढवलेला जपानी लावा असतो.

पण हे झालं ज्यांच्यासाठी शिकार म्हणजे हौस आणि जिभेचे चोचले होते त्यांचं. ज्यांचं पोट तिच्यावर होतं त्यांची गोष्ट निराळी.

फासेपारध्यांचं तितर धरणं ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना बंदूक ही आळशी माणसाची वस्तू वाटते. लांब दोरीला हाताहातावर खुंट्या आणि खुंट्यांच्या मध्ये केसासारखे बारीक फास. जुने लोक ते घोड्याच्या शेपटीच्या केसांचे करत, पुढे नायलॉन आलं. दोरी गवतात अशी मांडायची की फास तितराच्या छातीच्या उंचीला उभा राहील, वर नाही, खाली नाही. तितर उडायला नाखूश असतो, पायावर जास्त विश्वास, आणि ठरलेल्या वाटेने पळतो. ती वाट ओळखणं हेच खरं काम. कुणी पिंजऱ्यात बोलका तितर ठेवी. तो "कतीतर, कतीतर" करून ओरडला की त्या भागाचा मालक तितर भांडायला धावून यायचा आणि फासात पाय. कुणी शिकवलेल्या गाईच्या आडोशाने चाले. गाय चरत चरत पुढे, माणूस तिच्या पोटामागे वाकलेला, आणि तितरांना वाटायचं नुसती गायच येतेय. हे मी पाहिलंय. माणूस आणि गाय दोघंही इतकी सावकाश चालत की पाहणाऱ्याचा जीव टांगणीला लागे.

गाभण मादी आणि पिल्लं सोडून द्यायची त्यांची रीत होती असं सांगतात. असेल. पण सगळे पारधी निसर्गाचे पुजारी होते असलं गोड चित्र मी रंगवणार नाही. भूक लागल्यावर रीत मोडते, कुणाचीही. मात्र एवढं खरं, की कुठल्या माळावर किती जोड्या आहेत, कुठे अंडी आहेत, कुठलं पाणी चैत्रात टिकतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. असा हिशेब आज त्या माळांचा कुणाकडेच नाही.

कायदा पडला तो त्यांच्यावरच सगळ्यात जड. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने कितीतरी जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यात पुढे पारधीही आले. तो शिक्का कागदावरून पुसला गेला १९५२ साली. १९७२च्या कायद्यात बंदूकवाल्याला लहान शिकारीचा परवाना होता, पण फास लावायचा तर वेगळा, प्राणी पकडण्याचा परवाना हवा. पालात राहणाऱ्या माणसाने तो कुठे आणि कुठल्या पत्त्यावर काढायचा? १९९१ नंतर तर प्रश्नच मिटला. दुनळीवाल्याचा रविवार गेला, पारध्याचा सोमवार ते रविवार गेला. मी बंदीच्या विरोधात नाही, पण तिची किंमत कुणी मोजली हे सांगितल्याशिवाय तिचं कौतुक करवत नाही.

तर आता तितर. त्याचं पिल्लू अंड्यातून निघतं ते थेट चालायला लागतं, पण पहिले दोन-तीन आठवडे त्याला दाणा पुरत नाही. किडे लागतात: नाकतोडे, वाळवी, मुंग्यांची अंडी, अळ्या. हे किडे सापडतात ते बांधावरच्या गवतात आणि पिकातल्या तणात. आमच्या लहानपणी बांध चार-पाच हात रुंद असत. त्यावर बोर, बाभूळ, तरवड, घायपात आणि खाली कमरेएवढं कुसळी गवत. आता जेसीबी लावून बांध कोरले गेलेत, काही ठिकाणी तर बांध म्हणजे दोन दगड आणि एक भांडण. उरलेल्या पट्टीवर पावसाळ्यात तणनाशक मारतात, नेमकं तितराच्या विणीच्या हंगामात. पिल्लाला कुणी मारत नाही, त्याचं ताट उचललं जातं.

सशाचंही तेच. आपला ससा बीळ करत नाही. गवताच्या बुडाशी अंगाएवढी जागा दाबून तो दिवसभर तिथेच बसतो. पाऊल त्याच्यापासून हातभर अंतरावर पडेपर्यंत हलत नाही. असं बसायला गवत तर हवं ना? माळांची सरकारदरबारी नोंद 'पडीक'. पडीक म्हटलं की कुणाला तिथे झाडं लावायची असतात, कुणाला प्लॉट पाडायचे असतात, कुणाला पाइपलाइन नेऊन ऊस करायचा असतो.

हे मी भावनेने बोलत नाही, याला एक पडताळा आहे. इंग्लंडमध्ये तिथल्या राखाडी तितराची (आपल्या तितराहून निराळा पक्षी) शिकार कधी बंद झाली नाही, उलट तो तिथल्या जमीनदारांचा लाडका पक्षी. तरी दुसऱ्या महायुद्धानंतर तो झपाट्याने घटत गेला. ससेक्स परगण्यात १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून पिढ्यान्पिढ्या चाललेल्या अभ्यासातून दिसलं, की मुख्य घाव तणनाशकांचा होता. तण गेलं, तणावरचे किडे गेले, पिल्लं उपाशी मेली. मग तिथल्या काही शेतकऱ्यांनी पिकाच्या कडेच्या पट्ट्या न फवारता सोडल्या, शेताच्या मधून गवताचे उंचवटे राखले, आणि अशा शेतांवर तितर सावरले. म्हणजे एका देशात शिकार चालू, दुसऱ्यात बंद, आणि दोन्हीकडे बांधावरचा पक्षी अडचणीत. बंदूक हा फरक असता तर दोन्हीकडचं चित्र वेगळं दिसलं असतं.

अमेरिकेतही लहान शिकार ओसरतेय. तिथल्या सरकारी पाहणीत १९९१ साली लहान शिकार करणारे सुमारे ७६ लाख होते, २०१६ साली ३५ लाख. मोठी शिकार करणारे त्या मानाने थोडेच घटले, १ कोटी ७ लाखांवरून ९२ लाखांवर. हरणं पुष्कळ, लावे कमी, तेव्हा माणूस हरणामागे जाणार. आपल्याकडेही बघा ना, रानडुक्कर आणि मोर यांना काही कमी नाही. उसात रानडुकराचं राज्य आहे, आणि त्याच्यासाठी शेतकरी वनखात्याच्या परवानगीचे अर्ज करतोय. जो आपल्या पिकात राहू शकतो तो टिकतो. ज्याला बांध आणि माळ लागतो, तो जातो. तितर त्या दुसऱ्या रांगेत. तणमोर आणि माळढोक हे माळावरचे पक्षी तर त्या रांगेत केव्हाच पुढे निघून गेले.

एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग लहान शिकारीचे परवाने पुन्हा द्यावेत असं तुमचं म्हणणं आहे का?" नाही. जे मोजलंच जात नाही त्यातून किती काढायचं हे ठरवणार कसं? शिवाय परवाना निघाला तर तो कुणाला मिळेल हे मला पक्कं माहीत आहे, पालावरच्या माणसाला खचितच नाही. अकोला-वाशीमकडे काही फासेपारधी वस्त्यांनी गवताचे तुकडे चराई बंद करून राखले आणि तणमोरावर नजर ठेवली. हे काम पगारावर व्हायला हवं असं माझं मत आहे. वनखात्याला माळावरच्या पक्ष्यांची गणती करायची असेल, तर दुर्बिणीतून पाहणाऱ्या आमच्यासारख्यांपेक्षा फास मांडणारा म्हातारा दहापट कामाचा. तो अजून हयात आहे तोवर त्याला बोलावून घ्या.

आणि तुमचं स्वतःचं शेत असेल तर आषाढ ते आश्विन बांधावर फवारणी करू नका. गवत वाढलं की शेजारी नावं ठेवतील, "आळशी आहे" म्हणतील. म्हणू द्या. कापायचंच असेल तर दिवाळीनंतर कापा, तोवर पिल्लं उडायला लागलेली असतात.