करवत खाली ठेवून पेन उचलताना: लेव्हल ४ आर्बोरिकल्चरचा माझा अनुभव

दापोलीला बीएस्सी फॉरेस्ट्री केलं तेव्हा स्वप्नातपण नव्हतं की पुढे इंग्लंडात दोरीला लटकून झाडं छाटत बसणार. बायको नर्स, तिच्या व्हिसावर आलो, आपल्या डिग्रीला इथे कोण विचारत नव्हतं, मग एका ट्री सर्जरीवाल्याकडे ग्राउंड्समन म्हणून लागलो, म्हणजे वरचा माणूस फांद्या टाकणार आणि आपण त्या ओढत नेऊन चिपरमध्ये, म्हणजे फांद्यांचा भुगा करणाऱ्या यंत्रात, घालायच्या, तेही बहुतेक पावसात. मग चेनसॉचं सीएस ३०, झाडावर चढायचं सीएस ३८ अशी तिकिटं (म्हणजे परीक्षा देऊन मिळणारी सर्टिफिकेटं) काढली आणि पुढे क्लायंबर झालो. गावी आई सगळ्यांना सांगते, पोरगा लंडनला पाडेलीचं, म्हणजे झाडावर चढून नारळ पाडणाऱ्याचं, काम करतो. लंडन नाहीये, बर्मिंगहॅमच्या पुढे आहे, बाकी माहिती बरोबर.

पस्तिशीत गुडघा कुरकुरायला लागला. दोरीवरून उतरायचं असेल तर सर्व्हे, कन्सल्टन्सी नाहीतर काउन्सिलमध्ये ट्री ऑफिसर, आणि त्यासाठी आर्बोरिकल्चरचा, म्हणजे झाडांची निगा राखायच्या शास्त्राचा, लेव्हल ४ डिप्लोमा तरी पाहिजे (त्याच्या वर लेव्हल ६ असतो, त्याचं नंतर बघू). फी हप्त्यांनी भरली. अधूनमधून सेंटरवर लेक्चर आणि बाकी सगळं घरी बसून असाइनमेंट. मालकाने लेक्चरच्या दिवसांना बिनपगारी सुट्टी दिली, ती पण तोंड वाकडं करून.

मला वाटलं होतं झाडं तर आपल्याला कळतात, फक्त इंग्लिश लिहायचा प्रॉब्लेम येईल. झालं उलटंच. इंग्लिश जमलं, झाडाबद्दलचंच बरंच काही पुसून परत लिहावं लागलं.

पहिला धक्का शायगोचा. ॲलेक्स शायगो म्हणजे अमेरिकेच्या फॉरेस्ट सर्व्हिसमधला माणूस, चेनसॉने हजारो झाडं उभी चिरून आत कूज कशी पसरते ते बघत बसला. त्याचं म्हणणं असं की झाड जखम भरत नाही, झाड जखम कोंडतं. आपली कातडी नवी येते तसं लाकडाचं होत नाही, ते कुजलेला भाग आत भिंती घालून अडवतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत पुढे निघून जातं. याला कोडिट म्हणतात, चार भिंती, त्यातली पहिली सगळ्यात कच्ची आणि चौथी सगळ्यात पक्की. आता कलमं छाटल्यावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याची) फासायची हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की पहिल्या असाइनमेंटमध्ये मी बिनधास्त तेच लिहिलं. ट्यूटरने समासात नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. इथल्या मोठ्या झाडांच्या कामात जखमेला काही फासायचं नसतं, कट कुठे घेतला त्यावर सगळं ठरतं, फांदीच्या बुडाशी जो फुगवटा असतो त्याच्या जरा बाहेर, खोडाला घासून नाही. हात तसाच कट घेत होता इतकी वर्षं, का घेतो ते विचारलंच नव्हतं कधी.

मग झाडं कुजवणाऱ्या अळंब्या. बापरे. सगळी लॅटिन नावं, ती पण मधेच बदलतात. पण हा भाग मला सगळ्यात आवडला. क्रेट्झश्मारिया डेउस्टा नावाची एक आहे, बुंध्यापाशी जळक्या कोळशाचा पापुद्रा असावा तशी दिसते, धड छत्री नाही की काही नाही, आणि वर झाड हिरवंगार, पण आतलं लाकूड ठिसूळ होऊन झाड एकदम कडकन मोडतं. मी असल्या झाडांवर चढलो असणार, नक्की चढलो असणार, तो कोळसा बघून कोणीतरी शेकोटी केली असेल असं वाटलं असेल. हे वाचलं त्या रात्री झोप नीट नाही लागली.

हातोडीने खोड ठोकून आवाज ऐकायचा हे मात्र मला शिकवावं लागलं नाही, कोकणातला माणूस फणस ठोकूनच मोठा होतो.

बांधकामाचा विषय म्हणजे बीएस ५८३७, बांधकामाजवळची झाडं कशी जपायची त्याचं ब्रिटिश स्टँडर्ड, हा निव्वळ हिशोब. जमिनीपासून दीड मीटरवर बुंध्याचा व्यास घ्यायचा, गुणिले १२, तेवढ्या त्रिज्येत मुळांना धक्का लावायचा नाही. म्हणजे ८० सेमी बुंधा असेल तर ९.६ मीटर, जवळजवळ २९० चौरस मीटर जागा एका झाडाची! (वर मर्यादा आहे, १५ मीटर त्रिज्या.) मुळं खोल जातात हा पण आपला गैरसमज, बहुतेक मुळं वरच्या साठेक सेंटिमीटरमध्येच असतात. हे करताना मला सारखे मुंबईतल्या फुटपाथवरचे पर्जन्यवृक्ष आठवायचे, बुंध्याला चिकटवून सिमेंट नाहीतर पेव्हर ब्लॉक, आणि मग पावसाळ्यात पडलं की झाड म्हातारं होतं म्हणायचं.

कायद्याचा पेपरवर्क पटापट उरकला, १९९० चा प्लॅनिंग ॲक्ट, ट्री प्रिझर्वेशन ऑर्डर (म्हणजे ठरावीक झाडांना परवानगीशिवाय हात लावायचा नाही), कॉन्झर्व्हेशन एरियात, म्हणजे जतन केलेल्या भागात, झाड छाटायच्या आधी सहा आठवड्यांची नोटीस. आपल्याकडे शहरांसाठी १९७५ पासून झाडांचा कायदा आहे म्हटल्यावर वर्गात सगळे माझ्याकडे बघायला लागले, मी जरा कॉलर ताठ केली.

आणि मग रिस्कचा रिपोर्ट, जिथे माझी आपटली. एका कुरणाच्या कोपऱ्यात बीच नावाचं इथलं एक मोठं झाड होतं, बुडाशी मेरिपिलस या अळंबीचे हे एवढाले गुच्छ. मेरिपिलस मुळांना खालून खातं, वरून कळत नाही, आणि बीचवर ते दिसलं म्हणजे मामला सिरियस. मी चार पानं लिहिली आणि शेवटी ठोकून दिलं, झाड डेंजरस, ताबडतोब काढा. परत आलं, रेफर्ड, म्हणजे पुन्हा लिहून द्या. समासात दोनच शब्द: डेंजरस कोणाला?

तीन दिवस मी चिडलेला. मग शनिवारी परत गेलो, डबा घेऊन, आणि तिथे नुसता बसलो. दिवसभरात तिथून कोण गेलं, तर एक बाई कुत्रा घेऊन आणि मेंढ्या. पायवाट चांगली लांबून जाते. झाड पडेल हे खरंच, पण कधी पडेल, किती मोठा भाग पडेल आणि तेव्हा खाली कोण असेल, या तिन्ही गोष्टी मिळून रिस्क. मी फक्त पहिली लिहिली होती, कारण इतकी वर्षं मी बोलावल्यावर करवत घेऊन जाणारा माणूस, त्याला काढा सोडून दुसरं उत्तर सुचतच नाही. दुसऱ्या वेळी लिहिलं की कुंपण घाला, मेंढ्या आत सोडू नका, मुळं उकरून तपासा, शेंडा थोडा कमी करता येईल का बघा, दरवर्षी पाहणी करा. पास.

रिझल्ट आला त्याच महिन्यात गावी गेलो. दादाने पहिल्याच दिवशी परड्यातला जुना रायवळ आंबा दाखवला, ढोली पडलेली, आत पिंगळ्याचं बिऱ्हाड. तोडायचा का सांग, म्हणे, एवढं शिकलायस. मी तासभर फिरलो, ठोकलं, साल बघितली, फोटो काढले. खाली फक्त दादाची बोलेरो उभी असते.

"गाडी दुसरीकडे लाव," मी म्हटलं.

"हे सांगायला डिप्लोमा लागतो?"

दोन दिवस घरात सगळे मला हसत होते. बोलेरो आता गोठ्याच्या पलीकडे असते.