नवीन आहे, पण कशावरून?

डायटम म्हणजे सिलिकाचं कवच असलेलं सूक्ष्म एकपेशीय शैवाल. त्याची नवीन प्रजाती म्हटलं की लोकांना वाटतं मायक्रोस्कोपमध्ये डोकावलं, वेगळं काहीतरी दिसलं, नाव ठेवलं, झालं. अहो, दिसणं हा सगळ्यात सोपा भाग. डोकं खातं ते पुढचं, म्हणजे हा गडी दीडशे वर्षांपूर्वीच कुणीतरी नाव देऊन मोकळा झालेला नाहीये ना, हे दाखवणं.

आमचा सध्याचा उमेदवार गॉम्फोनेमा या डायटमच्या वंशातला (जीनसमधला) आहे, एक टोक जाड, एक निमुळतं. ओढ्यातल्या दगडावर बुळबुळीत तपकिरी थर असतो ना, पाय घसरतो तो, तो टूथब्रशने खरवडून आणायचा. थोडा भाग जिवंत बाजूला ठेवायचा, डीएनए करायचा असेल तर लागतो, बाकीचा ॲसिडमध्ये उकळायचा म्हणजे सेंद्रिय सगळं जातं आणि सिलिकाची कवचं तेवढी उरतात. मग धुणं. बसू द्या, वरचं पाणी काढा, परत भरा, परत बसू द्या... याच्याइतकं कंटाळवाणं काम नाही. शेवटी नॅफ्रॅक्समध्ये (कवचं स्लाइडवर बसवायचा राळेसारखा पदार्थ) स्लाइड, कारण ग्लिसरीनचा अपवर्तनांक सिलिकाच्या इतका जवळ आहे की कवच जवळपास गायबच होतं, नॅफ्रॅक्सचा १.७ च्या आसपास असल्याने रेघा उठून दिसतात. त्या रेघा म्हणजे स्ट्रायी, १० मायक्रॉनमध्ये किती बसतात ते मोजत बसायचं.

आणि एक गंमत आहे, जी नवख्यांना हमखास फसवते. डायटमचं कवच डबा-झाकणासारखं, पेशी विभागली की दोन्ही नव्या पेशींना जुना एकेक अर्धा भाग मिळतो आणि नवीन अर्धा नेहमी आतल्या बाजूने बनतो, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या सरासरी आकार घटत जातो, मग कधीतरी ऑक्झोस्पोअर (आकार परत वाढवणारी खास पेशी) बनून परत मोठा. बरं नुसती लांबी घटत नाही, आकारही बदलतो, लांबट टोकदार दिसणारा शेवटी चक्क लंबगोल होतो. म्हणून मोठ्यापासून छोट्यापर्यंत अख्खी मालिका दाखवावी लागते. दोन-तीन देखणे फोटो लावून नवी प्रजाती जाहीर करणाऱ्या पेपरांवर माझा तरी विश्वास बसत नाही.

उलटंही होतं, एकाच नावाखाली अनेक दडलेल्या असतात. क्युट्झिंगने १८४४ मध्ये वर्णन केलेली ती आताची सेलाफोरा प्युप्युला बघा, सगळीकडून नोंदवली जायची. मग डायटम-अभ्यासक डेव्हिड मान आणि सहकाऱ्यांनी मोजमापं, एसईएम (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) आणि कोणाचं कोणाशी प्रजनन होतं याचे प्रयोग करून २००४ मध्ये त्या गोतावळ्यातून पाच नव्या प्रजाती वेगळ्या काढल्या. त्यातली एक तर एडिनबरामधल्या ब्लॅकफर्ड तळ्याच्या नावाने, सेलाफोरा ब्लॅकफर्डेन्सिस.

म्हणून मूळ टाइप स्लाइड, म्हणजे ज्या नमुन्यावरून प्रजातीला नाव दिलं तो, बघण्याला पर्याय नाही. जुन्या हाताने काढलेल्या चित्रांत बारीक रेघांचा पत्ताच नसतो, त्यावरून काय ठरवणार! कागदपत्रांचं मात्र बरंय, २०१२ पासून लॅटिन वर्णनाची सक्ती गेली, इंग्रजी चालतं. होलोटाइप स्लाइड (आपल्या नव्या प्रजातीचा अधिकृत टाइप नमुना) हर्बेरियममध्ये, म्हणजे वनस्पती-नमुन्यांच्या संग्रहालयात, जमा करायची, चित्र द्यायचं, आणि त्या स्लाइडवर शेकडो कवचं असतात त्यातलं आपलं कुठलं ते गोल करून ठेवायचं, नाहीतर पुढचा माणूस आपल्याला शिव्या घालणार.

आमचं घोडं सध्या टाइपच्या फोटोंवर अडलंय, जवळच्या दोन जुन्या प्रजातींचे मागवलेत. तोवर मसुद्यात नुसतं 'गॉम्फोनेमा एसपी.' (म्हणजे प्रजाती अजून ठरलेली नाही), आणि नाव काय ठेवायचं यावरून लॅबमध्ये भांडणं मात्र आत्तापासूनच सुरू.