कोअरवर अल्ट्रासाउंड: जादा तेल लहरींचं की उष्णतेचं?

अल्ट्रासाउंडने खडकातलं तेल जास्त निघतं का, हे तपासताना सगळ्यात जास्त फसवते ती उष्णता. लहरी खडकात जिरतात, खडक तापतो, तेल पातळ होतं आणि आकडा वाढतो. म्हणून मी प्रत्येक चाचणी दोनदा घेतो: एकदा लहरी देऊन, एकदा नुसतं तेवढंच तापमान देऊन. या दोन्हींत जो फरक येईल तेवढाच लहरींचा.

कोअर म्हणजे खडकाचा दंडगोल तुकडा; माझा बेरिया वाळूखडकाचा (प्रयोगांत नेहमी वापरला जाणारा अमेरिकन खडक), व्यास 3.8 सेंमी, लांबी 7.5 सेंमी. टोल्युइन-मिथेनॉलने सॉक्सलेटमध्ये (द्रावक उकळून, थंड करून पुन्हा पुन्हा त्यानेच धुणारं उपकरण) धुवायचा, वाळवायचा आणि निर्वातात 2 टक्के पोटॅशियम क्लोराइडच्या पाण्याने भरायचा. गोडं पाणी वापरलं तर खडकातली चिकणमाती सुटून किंवा फुगून छिद्रं बुजतात. सच्छिद्रता 20 टक्के असेल तर आत साधारण 17 मिली जागा मिळते. मग पाणी येणं थांबेपर्यंत तेल भरायचं, काही दिवस मुरू द्यायचं आणि मिनिटाला 0.5 मिली वेगाने पाणी सोडून सुटेल तेवढं तेल काढून घ्यायचं. लहरी द्यायच्या त्या उरलेल्या तेलासाठी.

कोअरभोवतीची रबरी स्लीव्ह लहरी पिऊन टाकते, त्यामुळे बाजूने लहरी देण्यात अर्थ नाही. 20 किलोहर्ट्झचा ट्रान्सड्यूसर (विजेपासून लहरी तयार करणारा भाग) टोकाच्या धातूच्या प्लगवर घट्ट बसवावा. तो तापला की त्याची अनुनाद वारंवारता (ज्या वारंवारतेला तो सर्वात जोरात कंपतो ती) खाली सरकते; जनरेटर आपोआप जुळवून घेणारा नसेल तर लहरी नीट पोचतच नाहीत. मी 5 मिनिटं चालू, 10 मिनिटं बंद ठेवतो आणि कोअरच्या दोन्ही टोकांना थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावतो.

दुसरी फसगत ब्युरेटमध्ये, म्हणजे निघालेलं तेल मोजायच्या नळीत होते. लहरींमुळे तेल-पाण्याचं इमल्शन (एकजीव मिश्रण) होतं आणि मध्ये तपकिरी पट्टा उभा राहतो. तो तेलात धरला आणि 0.5 मिलीची चूक झाली, तर 17 मिलीवर ती 3 टक्के होते. बऱ्याचदा शोधत असलेला फरकही एवढाच असतो. डिमल्सिफायर (हे मिश्रण फोडणारं रसायन) घालून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्याशिवाय वाचन लिहू नये.

कोअरच्या बाहेरच्या टोकाला बॅक-प्रेशरही (उलटा दाब) हवंच, नाहीतर विहिरीत न होणारी गोष्ट प्रयोगात होते. हवेच्या दाबाला पोकळीकरण (लहरींमुळे द्रवात बुडबुडे होऊन फुटणं) सहज होतं. 1500 मीटर खोल विहिरीत पाण्याचाच दाब सुमारे 150 बार असतो, तिथे ते अवघड.

विहिरीत लहरी फार आतवर जात नाहीत. म्हणून पॅराफिन (तेलातलं मेण) किंवा ड्रिलिंगच्या चिखलाने पर्फोरेशन (तेल आत येण्यासाठी विहिरीच्या नळीला पाडलेली भोकं) बुजलेली विहीर निवडावी. साधन पर्फोरेशनसमोर द्रवात बुडालेलं हवं, कारण वायूत लहरी पुढे जात नाहीत. काम संपताच पंप सुरू करावा, नाहीतर सुटलेला गाळ परत तिथेच बसतो.