आमची वाटचाल : डी-९ च्या जागी ५-९

विहिरीवरच्या मोटरीचे ऑटो, म्हणजे मोटर आपोआप सुरू करणारी कार्डं, आम्ही भागीदारीत सुरू केले. पहिली काही वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते ३४० कार्डांचं.

कार्डावर २८ पायांची एटीमेगा८, म्हणजे प्रोग्रॅम भरायची चिप. लाईट आली की थोडं थांबून मोटर सुरू करायची, एवढंच तिचं काम. पण लाईट पटापट दोनदा गेली-आली की काउंटर अडकायचा आणि शेतकरी रात्री दोनला विहिरीवर. प्रोग्रॅमची एक ओळ बदलायची होती. कार्डं परत मागवली, यूएसबीएएसपी (चिपमध्ये प्रोग्रॅम भरायचा प्रोग्रॅमर) लावला, तर चिप ओळखच देईना. सिग्नेचर, म्हणजे चिपचा ओळख क्रमांक, शून्य. दुसरी, तिसरी, सगळ्या तशाच.

चूक आमच्याच बॅच फाइलमध्ये, म्हणजे चिप भरायच्या कमांडच्या फाइलमध्ये. हाय फ्यूज (चिपच्या सेटिंगचा आकडा) डी-९ हवा, भागीदारांनी टाइप केला ५-९. म्हणजे सगळ्यात वरचा बिट एकचा शून्य, आणि एव्हीआरमध्ये, म्हणजे या जातीच्या चिपांमध्ये, शून्य म्हणजे चालू. रीसेटचा पाय साधा पाय झाला, आयएसपीचं, म्हणजे चिप कार्डावरच ठेवून प्रोग्रॅम भरायचं, दार बंद. फ्यूज लागू होतो प्रोग्रॅमिंग मोडमधून बाहेर पडल्यावर, म्हणून व्हेरिफायसुद्धा ओके आलं होतं. कार्ड चालतच होतं, टेस्टिंगला कळणार कसं? तेव्हा नव्या बॅचचं पहिलं कार्ड भरलं की वायर काढा, परत लावा आणि सिग्नेचर पुन्हा वाचा. अर्धा मिनिट लागतो.

भागीदार त्याच आठवड्यात वेगळे झाले. ‘त्यांची कार्डं एकदा गेली की गेलीच’ असं डीलरांना सांगत फिरले. टाइप कुणी केलं होतं, ते मात्र सांगितलं नाही. असो. खरं तर नसोच.

उपाय एकच, हाय व्होल्टेज पॅरलल, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन चिप भरायची दुसरी पद्धत. रीसेटवर १२ व्होल्ट, डेटाच्या आठ तारा, कंट्रोलच्या वेगळ्या. कार्डावर हे जमत नाही, चिप काढावीच लागते. बरं झालं, आयसी बेस, म्हणजे चिप बसवायचं सॉकेट, मी सोडला नव्हता. त्या दोन रुपयांसाठी भागीदार रोज भांडायचे.

झिरो पीसीबीवर (नुसत्या भोकांच्या बोर्डावर) चिप भरायची जिग केली, वर चिप सहज घालता-काढता येईल असं झिफ सॉकेट, रीसेटला बीसी५४७ ट्रान्झिस्टर. पहिल्या दोन चिपा मीच मारल्या. १२ चा अडॅप्टर थेट लावला, तो बिनलोडचा १६ देत होता आणि रीसेट १३ च्या वर सोसत नाही. मग मध्ये ७८१२, म्हणजे बरोबर १२ देणारा रेग्युलेटर, टाकला. तरी फ्यूज बदलेना. रात्रभर तारा तपासल्या. पहाटे डोक्यात आलं, कॉपी होऊ नये म्हणून लॉक बिट आम्हीच लावलेत! लॉक असताना पॅरललमधूनही फ्यूज लिहिला जात नाही. आधी चिप इरेज, मग फ्यूज. वाचून बघितला, डी-९. बायकोला उठवून दाखवलं. म्हणाली, “बरं, झोपा आता.”

तासगावच्या दुकानदार अण्णांनी त्यांच्याकडची साठ कार्डं स्वतःच्या जीपमधून आणली. आवाज चढवला नाही. स्टुलावर बसले, बारीक स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि चिपा उचलायला लागले. एकदा या टोकाने, एकदा त्या टोकाने, एकही पाय वाकला नाही. मी बघतच राहिलो, तर म्हणाले, “द्राक्षाची विरळणी केलेला हात आहे हा.”

संध्याकाळी साठही कार्डं भरून झाली. अण्णांनी नव्या शंभराची ऑर्डर दिली आणि जुन्या बिलातून जीपचं डिझेल कापून घेतलं.